विश्रांती : तीन ते साडेतीन

आईने त्या कागदावर शिक्का मारला तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की मी तिला धाकात ठेवलं होतं. ठेवलं होतंच. पण त्या दिवशी ती मनापासून हसत होती, हेही खरं आहे.

हल्ली आमच्याकडे कोरियात म्हाताऱ्या आईबापांना फिरायला न्यायचं म्हणजे निघण्याआधी त्यांच्याकडून मनाईच्या वाक्यांची यादी वाचून घ्यायची, अशी पद्धत पडली आहे. मुलं यादी छापून आणतात, आईबाप शाळेतल्या पोरांसारखे ओळीने उभे राहून ती मोठ्याने म्हणतात, आणि त्याचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना जातो. अजून किती चालायचंय, असं म्हणणार नाही. एवढंच बघायला आलो का, असं म्हणणार नाही. हे मी घरी याहून चांगलं केलं असतं, असं म्हणणार नाही. अशी दहा वाक्यं. मी त्यात माझ्या पदरची दोन घातली: 'मी दमले, खोलीवर जाऊ या' आणि 'तू जा, मी इथेच बसते'.

"बारा?" आई म्हणाली. "बाकीच्यांना दहाच असतात गं."

"बाकीच्यांच्या आया तुझ्याएवढ्या चिवट नसतात."

तिने पर्समधून बँकेत सहीऐवजी मारायचा आपल्या नावाचा शिक्का काढला, त्यावर तोंडाने वाफ सोडली आणि कागदाच्या खाली लाल ठसा उमटवला. बोंगिम. मग म्हणाली, आता तरी चहा देशील का.

मी देगूला एका मोठ्या खासगी शिकवणीचं वेळापत्रक सांभाळते. चाळीस शिक्षक, अकरा खोल्या, आणि आपलं पोर एका तासाने मागे राहिलं तर आकाश कोसळेल असं मानणारे पालक. माझ्या वेळापत्रकात कधी एक चौकोन रिकामा राहिलेला कुणी दाखवावा. अशा बाईच्या हाती जहाजावरच्या पाच रात्रींचा कार्यक्रम पडला तर काय होणार? बुसानहून निघून जपानची दोन बंदरं करून परत बुसानला. आईची सत्तरी होती. हॉल घेऊन शंभर माणसं जेवू घालण्यापेक्षा हे बरं, असं मीच ठरवलं. धाकट्या भावाला, थेसिकला, कारखान्यातून सुट्टी मिळेना. मग आम्ही दोघीच निघालो.

जहाजावर रोज संध्याकाळी खोलीच्या दाराशी दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमांचं पत्रक यायचं. सकाळी सात वाजता डेकवर व्यायाम, नऊला कागदाची कमळं, दहाला ओळीत उभं राहून करायचा नाच, अकराला प्रश्नमंजूषा, दुपारी गरम पाण्याचं कुंड, संध्याकाळी लाल कपडे घालून जेवण. मी पलंगावर मांडी घालून बसायचे आणि पेन्सिलीने खुणा करायचे. आई समोरच्या पलंगावर बसून घरून आणलेला समुद्री शेवाळाचा पापड कुरतडत माझ्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, तू लहानपणीही अशीच होतीस, सहलीला जायच्या आधी डब्यात काय, कधी, कुणाबरोबर खायचं ते लिहून ठेवायचीस. मला ते कौतुक वाटलं.

पहिले दोन दिवस तिने सगळं केलं. माझ्या फोनमध्ये फोटो आहेत. कमळ करताना, नाचात उलट्या दिशेला वळलेली, बंदरावर बर्फाचा गोळा खाताना. प्रत्येक फोटोत ती हसते आहे आणि प्रत्येक फोटोत तिने कशाला तरी धरलेलं आहे. कठड्याला, खुर्चीला, माझ्या दंडाला. हे मला आता दिसतं. तेव्हा मी फक्त तिचे डोळे उघडे आहेत ना, एवढंच बघत होते. लिफ्टपाशी रांग असायची म्हणून मी तिला जिन्याने न्यायचे. ती अर्ध्यात थांबायची आणि खिडकीतून समुद्र बघायची. मला वाटायचं, हिला समुद्र फारच आवडलेला दिसतो.

तिसऱ्या दिवशी नाचाच्या वर्गातून ती मधेच बाहेर पडली आणि मागच्या डेकवर लाकडी आरामखुर्चीत जाऊन बसली. मी शोधत गेले तर गुडघ्यांवर जहाजाचं निळं पांघरूण घेऊन बसलेली. मला पाहिल्याबरोबर उठायला लागली. शिक्का मारलेला होता ना. 

मला जरा वाईट वाटलं. जराच. मी म्हटलं, बरं, आपण तडजोड करू, उद्यापासून विश्रांतीही कार्यक्रमात घालू. तिला ते एवढं आवडलं की तिने माझा हात दाबला. मग म्हणाली, "परवा समुद्रातच दिवस आहे ना? कुठे उतरायचं नाही. परवा आपण दोघी इथे बसू या. तुझ्याशी थोडं बोलायचंय."

"बोल की आत्ता."

"आत्ता नको. सावकाश बोलायचं आहे."

आता कुणी सांगेल का मला, सत्तर वर्षांची बाई 'सावकाश बोलायचं आहे' म्हणते तेव्हा मुलीच्या मनात काय यायला हवं? माझ्या मनात आलं, घर विकायचं काढते की काय. मिर्यांगचं तिचं छोटं घर, मागे बोरांची चार झाडं. थेसिकच्या नावावर करायचं म्हणत असेल, करू दे. मी पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिलं: परवा, विश्रांती, तीन ते साडेतीन. चार वाजता गाण्याची स्पर्धा होती आणि तिचं नाव मी पहिल्याच दिवशी देऊन ठेवलं होतं. साडेतीनला उठलो म्हणजे कपडे बदलायला वेळ मिळणार होता. आरामही झाला आणि करमणूकही. मला स्वतःचाच अभिमान वाटला होता, हे लाज सोडून सांगते.

तो दिवस फार चांगला होता. एप्रिलचं ऊन, वारा बेताचा. आई तीनच्या आधीच जाऊन बसली होती आणि माझ्यासाठी शेजारची खुर्ची पर्स ठेवून अडवली होती. मी बसले. तिने आधी पांघरूण नीट केलं, मग माझ्यावरही अर्धं टाकलं. मग इकडचं तिकडचं सुरू झालं. शेजारणीचा कुत्रा, बोरांना फुटू लागलेली पालवी, माझ्या नवऱ्याची पाठदुखी. आमच्या गावाकडची माणसं मूळ गोष्टीवर यायला अशीच सगळ्या गल्ल्यांतून फिरून येतात. मला हे माहीत आहे. मी त्याच गल्ल्यांत वाढले. तरी मी मनगटावरचं घड्याळ बघत होते.

मग ती म्हणाली, "आपली ती मालसुन आठवते का तुला? तळणीवर असायची."

आई सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सहाशे पोरांचं जेवण रोज. मालसुन तिच्या शेजारी उभी राहून मोठ्या कढईत तळण काढायची. मला आठवत होती. मला घोळ माशाचे तुकडे कागदात बांधून द्यायची.

"ती गेली गं थंडीत. फुप्फुसाचं झालं होतं. आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही तिने. ते म्हणतात, तळणीच्या धुराने होतं."

मी म्हटलं, "आई, सुट्टीवर आलोय. मेल्या माणसांच्या गोष्टी नकोत."

"बरं," ती म्हणाली.  समुद्राकडे बघत होती. मग तिने पुन्हा सुरुवात केली आणि या खेपेला सरळ रस्त्याने आली. "मी फेब्रुवारीत मोठ्या दवाखान्यात गेले होते."

"माहितीये मला. गुडघ्यांची इंजेक्शनं ना? मीच तर नंबर लावून दिला होता."

"ते नाही. ते—"

घड्याळ वाजलं. साडेतीनचा गजर मीच लावला होता. मी उठले, तिच्या मांडीवरचं पांघरूण काढून घडी घातली आणि म्हटलं, चल, उशीर झाला तर आपला नंबर मागे टाकतील, बाकीचं जेवताना सांग. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी बसस्टॉपवर उभी असताना बस न थांबता गेली की माझा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला. मग तिने हात पुढे केला आणि मी तिला ओढून उठवलं.

गाणं तिने तिच्या तरुणपणचं घेतलं होतं, बंदरावर वाट बघणाऱ्या बाईचं. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्यात श्वास पुरेना. ती मधल्या ओळी गिळायला लागली तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारी गाण्याने भरून आली आहे. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि उरलेलं सगळ्यांनी मिळून म्हटलं. मी पुढच्या रांगेत उभी राहून व्हिडिओ काढत होते. तिसरं बक्षीस मिळालं, टॉवेलांचा संच. जेवताना टेबलावर आणखी दोन जोडपी होती, आणि ती त्यांना टॉवेल दाखवत होती. मी तिला काही विचारलं नाही. 

बुसानला उतरताना तिने पुन्हा एकदा 'हेरान, ऐक' म्हटलं होतं. तेवढ्यात शिकवणीतून फोन आला, सहामाहीच्या परीक्षांचं वेळापत्रक कोलमडलं होतं. मी एका कानाला फोन लावून तिला बसमध्ये बसवलं आणि काचेतून हात केला. पुढे तिचे फोन यायचे. मी उचलायचे आणि म्हणायचे, कामात आहे, संध्याकाळी करते. कधी करायचे, कधी नाही. केला की ती विचारायची, जेवलीस का. मी म्हणायचे, हो. मग ती म्हणायची, ठेव मग, दमली असशील.

जुलैच्या शेवटी थेसिक तिला भेटायला गेला तर ती अंगणातून घरात येताना दोनदा खाली बसली. त्याने उचलून गाडीत घातलं. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा तो जिन्यात उभा होता आणि माझ्याकडे न बघता बोलत होता. म्हणाला, ताई, डॉक्टरांकडे हिच्या फुप्फुसाचे फेब्रुवारीतले फोटो आहेत. तेव्हा गाठ लहान होती. कापून काढता येईल, घरचं जबाबदार माणूस घेऊन या, सही लागेल, एप्रिल संपायच्या आत ठरवा, असं तिला लिहून दिलं होतं. ही परत आलीच नाही. तुला माहीत होतं का?

मी नाही म्हटलं. मग म्हटलं, हो. मग मी जिन्यातच बसले.

मला तिचा फार राग आला होता. तो अजून गेलेला नाही, हेही सांगून टाकते. माणसाने ओरडावं की नाही? माझ्या हातातला फोन हिसकावून समुद्रात फेकावा की नाही? सत्तावीस वर्षं सहाशे पोरांना ओरडून रांगेत उभं करणारी बाई, स्वतःच्या पोरीला अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवून ठेवू शकली नाही. मी तिच्यासाठी रडत होते की तिच्यावर चिडून रडत होते, मलाही कळत नव्हतं.

मी रजा टाकली. अकरा दिवस तिच्या पलंगाशेजारच्या बाकड्यावर बसून काढले. सकाळी डॉक्टर येऊन जायचे, त्यानंतर कुठेच जायचं नसायचं. मी तिच्या पायांना तेल लावायचे, नखं कापायचे, खिडकीचा पडदा वरखाली करायचे. आता बोलायला हवा तेवढा वेळ होता आणि तिच्याकडे श्वास नव्हता. तोंडावर प्राणवायूचा मास्क, आणि एक शब्द बोलली की दोन मिनिटं डोळे मिटून पडायची. डॉक्टरांनी बोलू देऊ नका म्हणून सांगितलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी ती जरा बरी दिसली. मी तिला विचारलं, विचारू नये हे माहीत असूनही.

"आई, त्या दिवशी डेकवर तू मला विचारणार होतीस ना? ऑपरेशन करू का म्हणून?"

तिने मान हलवली. हो.

"मग न विचारताच का राहिलीस? तुला भीती वाटत होती का, मी नको म्हणेन? माझी सोय-गैरसोय बघेन?"

तिने मान जोरात हलवली. नाही. मग तिने हात वर करून मास्क बाजूला केला. मी तो परत लावायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातात अजून जोर होता.

"तू काय म्हणणार... ते मला माहीत होतं," ती म्हणाली. थांबली. मी वाट बघितली. "तू म्हणाली असतीस... विचारतेस काय, उद्याच जायचं. कपडे भर." पुन्हा थांबली. "मी घाबरले होते गं, हेरान. मला तेवढंच... तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

मग तिने स्वतःच मास्क लावून घेतला आणि डोळे मिटले. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, आई, उद्याच जायचं, कपडे भर. तीनदा म्हटलं. ती झोपली होती की ऐकत होती, मला कळलं नाही.