खड्ड्याकडची भिंत

सकाळी सव्वाआठला नव्या वसाहतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी शिरलं. थोड्याच वेळात शेजारच्या सुतारकामाच्या कारखान्याची मागची भिंत खड्ड्याकडे झुकली. कारखाना दादाचा.

त्याची धाकटी बहीण धापा टाकत पोचली तेव्हा मजूर खड्ड्यातून वर आले होते. नव्या वसाहतीचा आराखडा तिच्याच ऑफिसचा, काढलेला तिनेच. खाली दुकानं आणि कारखाने, वर घरं. झाडं, गल्ली, गल्लीखालून वाहणारा जुना ओढा, सगळं जागच्या जागी राहायचं होतं. तरी गल्लीचा विश्वास बसत नव्हता. मग दादा घरोघर फिरला. "आमची धाकटी काढतेय. कुणाच्या केसाला धक्का लागायचा नाही."

साइटवरच्या इंजिनिअरने मोबाइल पुढे केला. "मॅडम, तुमच्या नकाशात इथे कोरडी जमीन आहे. बघा."

तिने बघितलं. नकाशावर ओढाच नव्हता. ओढ्याची निळी रेघ कॉम्प्युटरवर वेगळ्या लेयरमध्ये होती. रहिवाशांच्या सभेत चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून तिनेच ती लेयर बंद केली होती. परत चालू करायची राहिली. खोदाईला तीच प्रत गेली.

"दादा कुठाय?"

"आत. भिंतीला टेकू देतायत. वरच्या मजल्यावरच्या मावशींना चालता येत नाही ना. त्या खाली येईपर्यंत भिंत धरतो म्हणाले."

ती दाराशी धावली. आत भुशाच्या धुरळ्यात दादाची फक्त पाठ दिसत होती.

"दादा, बाहेर ये!"

"तिथेच थांब. उंबरा ओलांडलास तर तंगडं मोडीन."

"दादा, ते पाणी... माझ्यामुळे..."

"नंतर रड. आधी म्हातारीला उतरवा."

चौघांनी मावशींना खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं. "अरे हळू, मी काय सिमेंटचं पोतं आहे?" मावशी ओरडत होत्या. कुणी हसलं नाही.

"मावशी उतरल्या! दादा, ये आता!"

"कसा येऊ? हा वासा खांद्यावर आहे. सोडला तर दारापर्यंत पोचायचो नाही. खाली पाचर बसू दे."

तिला उंबऱ्यापाशीच दोघांनी धरून ठेवलं. तिच्या पायाखाली फरशी थरथरत होती. भिंतीतून मूठभर माती गळली.

अग्निशमन दलाची गाडी निघाल्याचा फोन आला होता. आत पाचरीवर हातोडीचे दोन-चार घाव ऐकू आले, मग थांबले. पाचर बसली की नाही, धुरळ्यात दिसेना. भिंत अजून उभी होती.