ओरबाडलेला कांचन

आश्विनातलं ऊन. पितळी, पारदर्शी, पिवळ्या रेशमासारखं पसरलेलं. मिरजेच्या त्या वसाहतीवर ते सकाळपासून ओघळत होतं. झेंडूच्या तोरणांवर, धुतलेल्या स्कूटरींवर, हळदकुंकू लावलेल्या पान्या-पकडींवर.

आणि कुंभोजकरांच्या अंगणातल्या कांचनावर. पूर्वेकडची अर्धी बाजू जांभळ्या फुलांनी लगडलेली, मधुगंधित, भ्रमरगुंजित. पश्चिमेकडची अर्धी नुसती काटक्या. तिथं ऊन टेकायला पान नव्हतं. ऊन तिथून थेट जमिनीवर आपटत होतं.

त्या घराच्या पाटीवर नवऱ्याचं नाव. उताऱ्यावर सासऱ्यांचं. उमाचं म्हणावं असं त्या आवारात एकच होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं स्वतःच्या हातांनी लावलेलं हे झाड. आणि ते वाळत चाललं होतं.

निदानं पुष्कळ झाली. नवरा, विश्वासराव, म्हणाला पाणी कमी पडतंय. शेजारचे नांद्रेकर म्हणाले दृष्ट लागली, काळी बाहुली बांधा. तिनं पाणी घातलं. शेणखत घातलं. बाहुलीसुद्धा बांधली, वेडी आशा, दुसरं काय. फांद्या वाळतच राहिल्या.

आज दसरा. सकाळीच ती शिडी लावून वर चढली, आणि तिला दिसलं.

जखम दिसली. गेल्या दसऱ्याची. तिथली फांदी कुणी कापली नव्हती. लोंबकळून, हिसडून ओढली होती, आणि जाताना त्या फांदीनं सालीची वीतभर पट्टी सोलून नेली होती. उघड्या लाकडाला भोक. भोकातून भुसा. भुशाखाली डिंकाचा काळा, गोठलेला थेंब. तिच्याखाली त्याच्या आदल्या दसऱ्याची जखम. तिच्याखाली आणखी एक. पोखरणारी अळी एकेक जखम उतरत बुंध्याकडे निघाली होती. अजून एक असा सण, की झाड संपलं.

या रोगाचं नाव दातृत्व.

दर दसऱ्याला संध्याकाळी विश्वासराव फाटकात उभा राहायचा. फांदी खेचायचा, पानं वाटायचा. या, या, सोनं घ्या. ती दरवर्षी सांगायची, अहो, हा आपटा नाही, कांचन आहे. तो हसायचा. "पान जोडीचं आहे ना, मग झालं. लोक काय शास्त्र तपासतात?" वसाहत वाहवा करायची. वाहवा त्याची. साल हिची.

राग आला तिला. साधा नाही. तळपायातून चढणारा, तापलेल्या तव्यासारखा, लालबुंद, मुका राग. सायकलची तार तिनं भोकात खुपसली, ती त्या रागानं. अळी ओढून काढली, त्या रागानं. रॉकेलचा बोळा कोंबला, चिखलानं तोंड बंद केलं, त्या रागानं. करवत मात्र हळू चालवली. वाळकं लाकूड संपून हिरवी, ओली, जिवंत कड लागेपर्यंत. मग चुना आणि मोरचुदाचा निळा लेप. जखमेवर निळा, बोटांवर निळा, कपाळावरच्या घामातही निळा.

संध्याकाळ झाली. माणसं आली.

"काय वहिनी, यंदा झाड कंजूष झालंय वाटतं," नांद्रेकर म्हणाले.

विश्वासरावानं सवयीनं हात वर केला, राजासारखा. बोटं फुललेल्या फांदीला लागली.

"सोडा ती."

"अगं, सणाचा दिवस. माणसं दारात आलीत."

"दार तुमचं आहे. झाड माझं."

"आज देवी कोपलीय, विश्वासराव," नांद्रेकर हसले. कुणी साथ दिली नाही. हसू फाटकातच विझलं.

उमानं तो वर गेलेला हात मनगटाशी धरला. खाली आणला. उघडला. तळव्यावर सकाळपासून जपलेला चिमूटभर पिवळाधमक भुसा ठेवला, आणि त्यावर ती अळी. पांढरी, गुबगुबीत, पोटभर जेवलेली.

"घ्या सोनं. सोन्यासारखे राहा."

"हे काय आहे?"

"तुम्ही वाटलंत ती पानं. मागे उरलं ते हे."

माणसं दुसऱ्या गल्लीकडे वळली. विश्वासराव हातातल्या अळीकडे बघत राहिला. टाकावी तर तिच्यासमोर कशी, ठेवावी तर किती वेळ. शेवटी त्यानं विचारलं, "जगेल का गं?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण आज तुमच्या हातून मरणार नाही."

तिनं फाटक लावून घेतलं.

उजेड उतरला. जांभळी फुलं काळसर झाली, निळे लेप अंधारात बुडाले. आणि रोजच्या रात्रीसारखाच कांचन मिटू लागला. एक पान मिटलं, दोन्ही पाळ्या एकमेकींना टेकल्या. मग दुसरं. मग शेंड्याचं, मग फांदीचं, मग अगदी फाटकावर झुकलेलं, हाताला सहज येणारं. दसऱ्याच्या संध्याकाळी, आपापल्या देठावर, आपापल्या जागी, एकेक पान मिटत गेलं.