नारळी पौर्णिमेची तारीख

माझ्या मुलीने आयर्लंडमध्ये बोट घेतली, हे मी आमच्या चाळीत कुणाला सांगितलं नव्हतं. शिकायला पाठवलेली मुलगी नोकरी घेते, फार तर नवरा घेते. रसिकाने बोट घेतली. लाकडी, शिडाची, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. मालक म्हातारा झाला म्हणून त्याने फुकट दिली. आमच्याकडे लोक मोडकी कपाटं देतात ना, उचलून न्यायच्या बोलीवर, तशी.

ती पाण्यात नव्हतीच. एका यार्डात टेकू लावून उभी होती आणि रसिका शिडी चढून तिच्यातच राहायची. दिवसा ऑफिस, संध्याकाळी बोट. दोन वर्षं तिने कुजक्या फळ्या काढल्या, नव्या घातल्या, फटींत कापूस ठोकला. मी इथे लालबागला साड्यांना फॉल लावत फोनवर बघायची. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये मी एकदाच बसले आणि उलटी करून उतरले, तरी व्हिडिओ बघून बघून मला रंधा कुठल्या अंगाने चालवायचा ते कळायला लागलं होतं. भीती काही गेली नव्हती.

मे महिन्यात रसिका म्हणाली, "आई, सहा जूनला क्रेन येतेय. बोट पाण्यात."

आप्पा, म्हणजे माझे सासरे दौलत, चहा पीत होते. जन्म मालवणकडचा, उमेदीची वर्षं गिरणीत गेली, पण समुद्राचं पंचांग डोक्यात पक्कं. ते सहज म्हणाले, "नारळी पुनवेआधी होडी पाण्यात घालूची नाय." आणि चहात बटर बुडवला.

त्यांनी एवढंच म्हटलं. पुढचं सगळं माझं. आप्पांना किती लागलंय, या वयात त्यांचं मन मोडू नको, दोन महिन्यांनी काय बिघडतं, असं मी आठवडाभर तिच्या मागे लागले. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बरं बाई. सांगते क्रेनवाल्याला."

मग मी कॅलेंडर उलटलं. यंदा अधिक श्रावण. नारळी पौर्णिमा तीस ऑगस्टला.

"ऑगस्टची तीस?" रसिका म्हणाली. "हे आधी नाही बघितलंस?"

"डोक्यातच नाही आलं गं."

"मी जूनची तारीख सोडून दिली, आई. क्रेन यार्डची नाहीये, भाड्याने येते. आता थेट पाच सप्टेंबर."

त्या वर्षी तिकडे कधी नव्हे ते ऊन पडलं. जुलैच्या सुरुवातीला तिने फोन बोटीच्या पोटाजवळ धरला. इथून जाताना पाकिटात ठेवलेलं रुपयाचं नाणं तिने दोन फळ्यांच्या मध्ये उभं घातलं. ते आत गेलं आणि तिकडेच पडलं.

"कोरडं लाकूड आकसलं," ती म्हणाली. "सगळीकडे अशा फटी आहेत. ऑक्टोबरमध्ये माझा व्हिसा संपतो आणि यार्डवाल्याला जागा रिकामी हवीय. सप्टेंबरमध्ये ही तरंगली तर दुसऱ्या धक्क्यावर बांधून ठेवता येईल. नाही तरंगली तर तो कापून शेकोटीला घेणार. तोंडावर सांगितलंय."

मी ते सगळं आप्पांवर काढलं. तुमच्या त्या पुनवेमुळे झालं, म्हटलं. आप्पांनी चष्मा काढला.

"माझ्या? तो नियम आपल्या दर्याचो. जूनात हय तुफान असता, म्हणान. थंय ऊन आसा ह्या तू माका सांगलंस?"

मी नव्हतं सांगितलं.

"नियम माझो नि भीती तुझी," ते म्हणाले आणि पेपर उचलला. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवले मात्र व्यवस्थित.

त्याच आठवड्यात मोरीचं दार अडलं. दर पावसाळ्यात अडतं. लाकूड फुगतं, मग खांद्याने ढकलावं लागतं. नेहमीप्रमाणे सुतार मयूरला बोलावून ते तासून घ्यायचं मी ठरवलं होतं. दाराला खांदा लावून उभी होते तेव्हा डोक्यात आलं, की हेच दार मेमध्ये इतकं आकसतं की कडीसुद्धा लागत नाही.

मी तशीच फोनला धावले. "रसिका, तिला भिजव. चादरी, ब्लँकेटं, मिळेल ते गुंडाळ आणि ओली ठेव."

"तेच करतेय चार दिवस," ती म्हणाली. "तुला आज सुचलं?"

पाच सप्टेंबरला आमच्या संध्याकाळी बोट क्रेनच्या पट्ट्यांमध्ये लटकून पाण्यात उतरली आणि आत पाणी यायला लागलं. नळ सोडल्यासारखं. क्रेनवाला म्हणाला, उद्या दुपारी बारापर्यंत पट्टे ठेवतो, त्यापुढे नाही. आत पाणी साचलं की पंप आपोआप सुरू व्हायचा. पहिल्या तासात तो थांबलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन शिलाई मशीनवर उभा करून बसले. आप्पा शेजारी येऊन बसले. रसिका बोटीत उकिडवी बसली होती, डोळे लाल.

"आता किती मिनिटांनी सुरू होतोय पंप?" मी विचारलं.

"सकाळी दर चार मिनिटांनी. आता नऊ. अजून फुगायला हवं."

तिकडचे अकरा वाजले. पंप घरघरला, थांबला. मला राहवेना.

"रसिका, जूनचं आप्पांनी नव्हतं सांगितलं. म्हणजे तसं नव्हतं. मीच घाबरले होते. तू त्या बोटीतून निघून जाशील असं वाटलं."

"माहितीये."

"कोणी सांगितलं?"

"आप्पांनी. जुलैतच." मी आप्पांकडे बघितलं. ते मशीनचं चाक बघत होते. "खूप राग आलाय, आई. अजून आहे. पण आता नको बोलूस. ऐकू दे."

आम्ही तिघं ऐकत बसलो. खाली कुणीतरी स्कूटर चालू केली तर आप्पांनी खिडकी लावून घेतली. पुढची घरघर बारा मिनिटांनी. नंतरची अठरा. मग पंप घरघरलाच नाही. रसिका वाकली, फळ्यांवरून हात फिरवला आणि तळवा कॅमेऱ्याला दाखवला. ओलसर होता, इतकंच. बारा वाजता तिने वर मान करून क्रेनवाल्याला काहीतरी म्हटलं. पट्टे सैल झाले आणि फोनमधलं चित्र हळूच डुलायला लागलं.

मी मशीनची कड धरली, रेवसच्या लाँचचा कठडा धरला होता तशी.

"हालली," आप्पा म्हणाले.

"आई, ठेवते," रसिका म्हणाली. "धक्क्यापर्यंत न्यायचीय."

"कुठल्या धक्क्याला?" मी विचारलं, पण तोवर तिने ठेवला होता.

जुलैत निरोप दिलेला मयूर शेवटी दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन आला. मी त्याला चहा दिला आणि मोरीचं दार तसंच फुगलेलं राहू दे म्हटलं.