उस्तादांचा कान

त्या हँगरमध्ये एकच देव होता, आणि तो म्हणजे उस्तादांचा उजवा कान.

यंत्रं नव्हती असं नाही. धातूतला तडा शोधायचं एडी करंटचं यंत्र कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर होतं, ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आलं त्याच पिशवीत. मेकॅनिक लोक त्याच्यावर ओले हातमोजे वाळत घालत. पण पाहुणा आला की त्याला यंत्र दाखवत नसत, उस्ताद दाखवत. उस्ताद पंखाखाली जात, बोटाच्या पेरानं बोल्टच्या डोक्यावर टकटक करत, मान तिरकी करून डोळे मिटत आणि म्हणत, "ठणठणीत!" पाहुणा चाट पडे. मग चहा येई.

उस्तादांची सून याच हँगरमध्ये तीन महिन्यांपूर्वी तपासनीस म्हणून लागली होती. तिनं धातुशास्त्रात पदवी घेतली होती, आणि खिशात सतत दहापट मोठं दाखवणारं भिंग असे, म्हणून पोरांनी तिचं नाव 'भिंगबाई' ठेवलं होतं. तिला या टकटकीचं पहिल्या दिवशी हसू आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते येईनासं झालं. पंखाच्या आतून जाणारा स्पार म्हणजे पंखाचा कणा. विमान उडतं तेव्हा तो वर वाकतो, उतरतं तेव्हा खाली. हजारो वेळा असं वाकून धातू थकतो, आणि तडा पडतो तो बोल्टच्या भोकाच्या आतल्या भिंतीला. तो केसाहून बारीक असतो आणि बोल्टनंच झाकलेला असतो. डोक्यावर टिचकी मारून पोटातला खडा ऐकू येत असता तर दवाखाने कधीच बंद पडले असते.

म्हणून नियम होता. एकोणीस आसनांच्या या छोट्या विमानांची दर बाराशे उड्डाणांनंतर सक्तीची तपासणी. स्पारचे बोल्ट एकेक करून काढायचे, प्रत्येक भोकात यंत्राची पेन्सिलीएवढी कांडी फिरवायची, काटा हलतो का पाहायचं, आणि तक्त्यावर भोकागणिक सही करायची. तीन दिवसांचं काम. या हँगरमध्ये ते चाळीस मिनिटांत होई, त्यातली पंचवीस मिनिटं चहाची.

उस्ताद महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, त्यामुळे या वेळचा तक्ता प्रथमच सुनेच्या नावानं आला. आला तो भरूनच. उजवा पंख, चौदा भोकं. डावा पंख, चौदा भोकं. अठ्ठावीस वेळा कारकुनाच्या वळणदार अक्षरात 'तडा नाही'. फक्त सहीची जागा मोकळी होती, लग्नपत्रिकेवर पाहुण्याचं नाव घालायला सोडतात तशी.

शनिवारी सकाळी ती ढकलगाडीवर उताणी झोपून पंखाखाली गेली. बोल्टांवरची लांब पट्टी काढली आणि भिंग लावलं. बोल्ट घट्ट केला की त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून एक लाल लाखेचा ठिपका देतात. बोल्ट कोणी फिरवला तर ठिपका तुटतो. इथले सगळे ठिपके अखंड होते, वाळून तपकिरी झालेले. वर्षानुवर्षं कोणी त्यांना पाना लावलेला नव्हता.

मग तिनं बोल्ट मोजले. उजवीकडे चौदा. डावीकडे बारा. पुन्हा मोजले. बाराच.

फाईल उघडल्यावर उलगडा झाला. नऊ वर्षांपूर्वी सामानाच्या गाडीनं डाव्या पंखाला धडक दिली होती. त्याच्या जागी त्याच बनावटीच्या, पण आधीच्या मॉडेलचा पंख आणून बसवला, आणि त्या मॉडेलला बाराच बोल्ट. पंख बदलला, तक्ता कोणी बदलला नाही. तेव्हापासून सहा तपासण्या झाल्या होत्या, आणि सहाही वेळा डाव्या पंखाच्या तेराव्या-चौदाव्या भोकापुढे 'तडा नाही' लिहून उस्तादांनी झोकदार सही ठोकली होती.

ती तक्ता घेऊन व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. या गृहस्थांना दिवसातून शंभरदा 'चला, चला' म्हणायची खोड होती, म्हणून हँगरमध्ये त्यांना 'चलाचला' म्हणत. त्यांच्या टेबलावर छोटं प्लास्टिकचं विमान होतं, आणि हँगरमधलं तेवढं एकच विमान रोज पुसलं जाई.

"साहेब, डाव्या पंखाला तेरावं भोक नाहीच."

चलाचलांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "इथं काय लिहिलंय?"

"तडा नाही."

"मग? नसलेल्या भोकाला तडा नाही, हे खरंच आहे की! खोटं काय लिहिलंय त्यात?" स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की त्यांनी तेच वाक्य दाराशी उभ्या कारकुनाला पुन्हा ऐकवलं. कारकून हसला. त्याला त्याचाच पगार होता.

"मला तीन दिवस द्या. बोल्ट काढून तपासते."

"मॅडम, सोमवारी सकाळी सातला एकोणीस तिकिटं आहेत. तीन दिवस कुठून आणू? झाडाला लागतात?"

"मग मी सही करणार नाही."

"नका करू," चलाचला गोड आवाजात म्हणाले. "उस्तादांचं लायसन महिनाअखेरपर्यंत चालू आहे. ते करतील. घरचंच माणूस आहे, विचारून बघा. उद्या चारला या, त्यांनाही बोलावतो, एकदाचं मिटवून टाकू. चला, चला."

ती बाहेर आली. माणूस मूर्ख असला की त्याला समजावता येतं, लबाड असला की पकडता येतं. हे गृहस्थ अर्धे अर्धे होते, त्यामुळे कुठल्याच बाजूनं हाती लागत नव्हते. आणि सही झाली तर सोमवारी सातला ते विमान एकोणीस माणसं घेऊन डोंगरापलीकडे जाणार, हे मात्र नक्की होतं.

रविवारी दुपारी घरी सगळे जेवायला बसले होते. नवरा कामाच्या दौऱ्यावर होता. नणंद दातांची डॉक्टर, डोंगरापलीकडच्या गावात तिचा दवाखाना. शनिवारी माहेरी यायची, सोमवारी परत जायची. त्या मार्गावर दोन विमानं होती, सकाळी सातला हे जुनं आणि दुपारी दोनला दुसरं, नवं.

"माझा सोमवार नेहमी फुकट जातो," नणंद कुरकुरली. "दुपारी दोनला निघायचं, दवाखाना उघडेपर्यंत पाच. पेशंट गाल धरून बसलेले."

"सकाळचं का नाही घेत, ताई?" सुनेनं सहज विचारलं.

"बाबा घेऊ देतात का? तिकीट तेच काढतात ना. सकाळी धुकं असतं म्हणे."

"असतंच," उस्ताद ताटातून मान वर न करता म्हणाले.

"अगं, काळजी असते गं बापाला," सासूबाई म्हणाल्या. "तू वाढून घे."

सुनेनं वाढून घेतलं, पण घास तोंडाशीच थांबला. धावपट्टीवरच्या नोंदी तिनं वाचल्या होत्या. सकाळी सातला धुकं म्हणावं असे दिवस वर्षाला सात, फार तर आठ.

"ताई, गेल्या वर्षी दोन महिने विमानांची अदलाबदल झाली होती ना? नवं विमान सकाळी जायचं."

"हो की! ते दोन महिने मस्त होते. बाबांनी सकाळचंच तिकीट काढलं. नऊला मी खुर्चीपाशी."

"तेव्हा धुकं नव्हतं वाटतं," सून म्हणाली.

उस्तादांनी पाण्याचा पेला उचलला, रिकामा होता, तरी तोंडाला लावून खाली ठेवला.

तिला प्रयोगशाळेत शिकवलं होतं की एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते पाहायचं. इथे ते आपोआप झालं होतं. वेळ तीच, बाप तोच, मुलगी तीच. बदललं फक्त विमान, आणि धुकं विरलं. म्हणजे सहा वेळा सही करणाऱ्या माणसाला कानानं काही ऐकू येत नाही हे पक्कं ठाऊक होतं. आजवर सासऱ्यांना ती भोळे समजत होती. जुन्या वळणाचा माणूस, स्वतःच्याच कौतुकाला भुललेला, म्हणून थोडीशी सूटही देत होती. ती सूट जेवण संपायच्या आत संपली.

चारला हँगरमध्ये सगळे जमले. चलाचला, कारकून, रविवारच्या पाळीचे चार-पाच मेकॅनिक. उस्ताद इस्त्रीचा डगला घालून आले होते.

"भिंगबाईंना शंका आहे," चलाचला म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? उस्ताद, होऊन जाऊ द्या. डावा पंख."

कारकून तक्ता आणि पेन घेऊन तयार झाला. उस्ताद पंखाखाली गेले, बोट वाकवलं, मान तिरकी केली.

"एक. ठणठणीत."

"एक, तडा नाही," कारकुनानं री ओढली.

"दोन. ठणठणीत."

पोरं कडेनं उभी होती. त्यांनी हे पूर्वी पाहिलं होतं, पण मोजलं कधीच नव्हतं. आज सुनेनं प्रत्येक बोल्टखाली खडूनं आकडा लिहून ठेवला होता, तेव्हा सगळ्यांचे डोळे आकड्यांवर होते. नऊ. दहा. अकरा. उस्तादांचं बोट बाराव्या बोल्टवर आलं.

"बारा. ठणठणीत."

"बारा, तडा नाही," कारकून म्हणाला, आणि सवयीनं पेन तेराव्या ओळीवर टेकवून वाट पाहू लागला.

उस्तादांचं बोट पुढे सरकलं. पुढे सपाट पत्रा होता. बोट तिथे क्षणभर घोटाळलं, मग मागे आलं, आणि बाराव्याच बोल्टवर पुन्हा दोनदा वाजलं.

"तेरा. चौदा. ठणठणीत."

एका मेकॅनिकला फस्सकन हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. कारकुनानं लिहून टाकलं होतं.

"झालं!" चलाचलांनी टाळी वाजवली. "चला, चला. मॅडम, तुम्ही सही करताय की उस्तादांना पेन देऊ?"

"करते," सून म्हणाली.

उस्तादांनी चमकून पाहिलं.

"करते की. एवढ्या जणांसमोर बाबांनी सांगितलंय ठणठणीत आहे म्हणून. माझी एकच अट आहे. उद्या ताईला सकाळच्या विमानानं पाठवा."

"अट कसली त्यात!" चलाचला उत्साहानं म्हणाले. "एक माणूस कालच गळालंय. खिडकीची जागा देतो! पुढची, पंखाच्या वर!" आपण काय बोलतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी खिशातून फोनही काढला. "सांगू ना, उस्ताद? नाव घालायला सांगू?"

उस्तादांनी डगल्याच्या खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"बाबा, धुकं नाहीये उद्या," सून म्हणाली. "मी हवामान बघून आलेय."

"तू गप्प बस," उस्ताद हळूच म्हणाले.

"गप्पच होते. तीन महिने."

"पोरांसमोर बोलायचं कारण नव्हतं."

"पोरांसमोरच तर वाजवलंत ना. बारा बोल्टांवर चौदा वेळा."

फोन कानाशी धरून चलाचला मध्येच म्हणाले, "हॅलो, हां, एक नाव घाला. उस्तादांची मुलगी..."

"थांबवा," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"फोन थांबवा." त्यांनी पंखाकडे बोट केलं. "पंखांखाली टेकू लावा. बोल्ट काढायचे. दोन्ही बाजूंचे."

"अहो, पण उद्याचे एकोणीस..."

"काढायचे म्हटलं ना!"

चलाचलांनी फोन कानापासून दूर धरला. फोनमध्ये कोणीतरी 'नाव काय, नाव काय' विचारत होतं. परक्यांच्या एकोणीस पोरांसाठी या माणसाला एक ठिपका तोडावासा वाटला नव्हता, आणि स्वतःची एक पोर खिडकीशी बसायची म्हटल्यावर कंठ फुटला, हे सुनेनं मनात नीट नोंदवून ठेवलं.

कपाटावरून यंत्र खाली आलं. हातमोजे झटकले, पिशवी फाडली, सुनेनं मुद्दाम तडा पाडलेल्या नमुन्याच्या पट्टीवर कांडी फिरवून काटा जुळवून घेतला. पंखांखाली टेकू बसले. नऊ वर्षं न हललेला बोल्ट कसा काढायचा हे पोरांना ठाऊक नव्हतं, कारण कोणी शिकवलंच नव्हतं. मग उस्तादांनी डगला काढून ठेवला, बाह्या दुमडल्या आणि पाना मागितला.

ती बाजूला उभी राहून पाहत होती. त्यांनी ठिपका खरवडला, दोन थेंब तेल सोडलं, थांबले, पान्यावर भार दिला तो न धक्का देता, एकसारखा. पितळी दांडा लावून बोल्ट असा सरळ बाहेर घेतला की भोकाच्या कडेला ओरखडादेखील आला नाही. पुस्तकात दिलेली एकही पायरी चुकली नाही. वीस मिनिटांत पहिला बोल्ट कापडावर होता.

तिला वाटलं होतं हा माणूस काम विसरला असेल, म्हणून कानाचं सोंग घेतो. तो काही विसरला नव्हता. सहाही वेळा त्याला हे असंच, इतकंच सुरेख करता आलं असतं, फक्त डगला काढावा लागला असता. कीव करायला जी काही फट उरली होती ती तिथेच बुजली.

डाव्या पंखाच्या पहिल्या तीन भोकांत काटा हलला नाही. चलाचला प्रत्येक वेळी घड्याळ पाहून उसासा टाकत होते. चौथ्या भोकात कांडी अर्धी फिरली, आणि काटा उसळून टोकाला टेकला. तिनं कांडी काढली, पुन्हा पट्टीवर जुळवली, पुन्हा घातली. काटा पुन्हा टोकाला.

"किती?" उस्तादांनी विचारलं.

"अडीच मिलिमीटर."

"एवढंसंच?" चलाचला म्हणाले. "अडीच मिलिमीटरसाठी विमान..." पण मेकॅनिकांपैकी कोणीच त्यांच्याकडे पाहत नव्हतं, तेव्हा वाक्य तिथेच राहिलं.

सुनेनं नवा, कोरा तक्ता घेतला. डाव्या पंखाच्या चौथ्या ओळीत 'तडा आहे' लिहिलं, लांबी लिहिली, तारीख घातली, सही केली. खाली शेऱ्याच्या जागेत मागच्या सहा तपासण्यांत बोल्ट काढलेच नव्हते हेही लिहिलं, तपासणाऱ्याच्या लायसनच्या क्रमांकासकट. शाई वाळेपर्यंत कागद उस्तादांच्या समोर धरला, त्यांना नीट वाचता यावा म्हणून.

त्यांनी तो वाचला. मग पाचव्या बोल्टला पाना लावला आणि तिच्याकडे न पाहता म्हणाले, "दिवा जरा इकडे धर."

तिनं शेजारच्या मेकॅनिकला दिवा धरायला सांगितलं आणि कांडी पुसायला घेतली.