चादरीची दोन टोके

बारा खोल्यांचे ते लहानसे अतिथिगृह वहिनी चालवीत, आणि तिथले नियम त्यांचे धाकटे दीर चालवीत. साधे बोलणेही ते कलमवार करीत, म्हणून सारे त्यांना कलमराव म्हणत. आपल्या दारात येणारी कोणतीही वस्तू कुणाला डांबून ठेवून केलेली नसावी, हे त्यांचे पहिले कलम. त्यासाठी त्यांनी चाळीस प्रश्न रचले होते, आणि प्रत्येक पुरवठादाराकडे ते वर्षातून एकदा तपासणीला जात. मात्र न कळवता कुणाच्या दारात उभे राहणे त्यांच्या लेखी असभ्य, तेव्हा आठ दिवस आधी पत्र जाई. चादरी धुणाऱ्या कारखान्याने सलग तीन वर्षे चाळीसही उत्तरे बिनचूक दिली होती.

"चोराला पत्र धाडून झडती घेणारे तुम्हीच, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"चोर ठरेपर्यंत तो सभ्य गृहस्थच असतो, वहिनी."

"असू दे. पण तुम्ही उद्याची तारीख कळवलीय ना? मग आपण आजच जाऊ. मीही येते."

असभ्यपणाविरुद्ध कलमरावांचा युक्तिवाद कारखान्याच्या फाटकापर्यंत चालला. तिथे मुकादमाची धांदल उडाली. "साहेब, उद्या म्हणाला होतात!" असे म्हणत तो खुर्च्या पुसू लागला, तोवर वहिनी थेट मागच्या दालनात शिरल्या होत्या.

आत वाफ कोंदली होती आणि यंत्रांची घरघर कान किटवीत होती. अकरा बायका कामात गढलेल्या. इस्त्रीच्या टेबलापाशी एक उंच बाई गरम चादरीचे एक टोक धरून जोडीदारणीची वाट पाहत होती. वहिनींनी पदर खोचला आणि दुसरे टोक धरले.

"वहिनीसाहेबांना घरीही हेच आणि इथेही हेच!" मुकादम दारातून हसला. कलमराव टेबलाशेजारच्या कपड्यांच्या ढकलगाडीआड उभे राहिले. पुढचे बोलणे फक्त त्यांनाच ऐकू आले.

मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघी लांब जातात, ताण देतात, मग टोकाला टोक भिडवायला जवळ येतात. त्या क्षणी दोन चेहऱ्यांत वीतभर अंतर उरते.

"झोपायच्या खोलीची किल्ली कुणाकडे?" टोके भिडताना वहिनींनी विचारले.

दोघी लांब गेल्या. परत आल्या.

"मुकादमाकडे, ताई."

"आणि तुझे कागद?"

"त्याच्याच कपाटात. सगळ्यांचेच."

"बाहेर कधी गेली होतीस?"

यावेळी उत्तर यायला दोन घड्या लागल्या. "आल्यापासून नाही. आठ महिने झाले."

तीन वर्षे कलमराव इथल्या खुर्चीवर बसून कागदावर जे शोधत होते, ते वहिनींनी तीन प्रश्नांत उलगडले होते. ते तरातरा पुढे झाले. "वहिनी, आत्ताच्या आत्ता संबंध तोडतो यांच्याशी!"

"हळू! आपण तोडून मोकळे होऊ, भाऊजी. या बायका संध्याकाळच्या आत दुसरीकडे हलवल्या जातील, मग शोधत बसा." वहिनी पुन्हा त्या बाईजवळ गेल्या. "अधिकाऱ्यांना बोलावू? तू हो म्हणालीस तरच."

बाईने चादरीची शेवटची घडी घातली. हात फिरवून सुरकुती काढली. मग मागे वळून तिने दहा जणींकडे एकेक करून पाहिले.

"बोलवा," ती म्हणाली. "पण एकटीसाठी नको. सगळ्यांसाठी."

कलमरावांना वाटले, आपल्या आयुष्यातल्या सगळ्या युक्तिवादांचे वजन केले तरी ते या एका वाक्याएवढे भरणार नाही.

"मी फोन करते, तोवर मुकादमाला गुंतवा," वहिनी कुजबुजल्या. "हे काम तुमच्याइतकं कुणाला जमणार?"

आणि खरोखरच जमले. कलमरावांनी चाळीस प्रश्न काढले. "प्रश्न चौथा. 'दरवाजा' म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवून घेऊ. फक्त आत उघडणाऱ्या फळीला आपण दरवाजा म्हणणार काय?"

"साहेब, दरवाजा म्हणजे दरवाजा!"

"घाई करू नका. अशानेच जगात गोंधळ होतात."

पाऊण तासाने कामगार अधिकारी दोन महिला पोलिसांसह आल्या, तेव्हा मुकादम अकराव्या प्रश्नाशी घाम पुसत होता. कपाट उघडले. आत अकरा जणींचे कागद रबराच्या पट्टीत बांधलेले होते.

"स्वखुशीनं ठेवलेत हो यांनी! हरवू नयेत म्हणून."

अधिकाऱ्यांनी बायकांकडे पाहिले. यंत्रे थांबली होती. त्या शांततेत उंच बाई पुढे आली, मुकादमासमोर उभी राहिली.

"माझी खुशी मला आज पहिल्यांदा विचारताय. नाही. आणि रात्री बाहेरून कडी लावतात, तीही माझ्या खुशीनं नाही."

"माझ्याही नाही," मागून एक म्हणाली. मग दुसरी. मग कोण बोलले ते कळेनासे झाले.

जबाब संपले, राहण्याची सोय ठरली. वहिनींनी त्यांना अतिथिगृहातल्या चार खोल्या देऊ केल्या. आपले कागद छातीशी धरून उंच बाई फाटकाबाहेर आली आणि भर उन्हात रस्त्याकडे पाहत थांबली. एक सायकलवाला तिला वळसा घालून गेला. कलमराव दोन पावलांवर उभे होते.

"दादा, बसथांबा कुठंय?"

"तो बघा, कोपऱ्यावर. पण आत्ता कुठे निघालात?"

"जायचं नाही अजून," ती म्हणाली. "कुठं आहे ते फक्त माहीत असू दे."