बाबा, मागे

माऊ एकोणीस वर्षांची झाली तरी जिना उतरताना बाबांचा दंड सोडत नसे. तिला ऑटिझम होता. बोलणं मोजकंच, आणि तोल जाईल ही धास्ती कायमची. आई गेल्यापासून घरात दोघंच. बाबा घड्याळं दुरुस्त करत. दुपारी दुकानाला कुलूप लावून ते तिला तोल सावरायला शिकवणाऱ्या थेरपीला नेत.

पहिल्याच आठवड्यात थेरपिस्टबाई म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण तुम्ही बाहेर बसा. तुम्ही दिसलात की ती सगळा भार तुमच्यावर टाकते."

"अहो, पण पडली म्हणजे?"

"खाली गादी आहे. आणि मी काय शोभेला उभी आहे?"

बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. तिथे बसलेल्या बाकीच्या पालकांची मुलं लहान. त्यांच्यात शाळांच्या गप्पा रंगत. बाबांना त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा कान दाराकडे असे. आत डगमगत्या फळीची खटखट, मग बाईंचा आवाज, "गुडघे सैल सोड. पड बिनधास्त, गादी काही ओरडायची नाही!" मग धप्प, आणि माऊचं खळखळून हसणं. घरी ती अशी कधी हसली नव्हती. बाबांना बरं वाटलं, आणि आत कुठेतरी तुटलंही.

काही महिन्यांनी एका सकाळी जिन्याशी त्यांनी सवयीने दंड पुढे केला. माऊने कठडा धरला.

"बाबा, मागे."

ओठ घट्ट मिटून ती एकेक पायरी उतरली. हातांचं काय करावं ते न कळून बाबा मागोमाग. खाली पोचल्यावर शाबासकी द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर ती फाटकापाशी गेलीसुद्धा.

पुढे बाई मोठ्या मुलांना बसने नेऊ लागल्या. चालत्या बसमध्ये दांडा धरून उभं राहायचं, पालक नकोत. त्या दुपारी बाबांनी दुकान उघडं ठेवलं. एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. इतके महिने दुपारी बंद असलेल्या दुकानात कोण येणार? डबा उघडला, आणि तसाच बंद केला.

संध्याकाळी माऊ परतली.

"कशी होती गं बस?"

तिने बूट काढून भिंतीशी नीट लावले. बराच विचार केला. "बसलाच तोल नाही," म्हणाली, आणि खोलीत निघून गेली.

बाबा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. ही गंमत तिच्या आईला सांगायला म्हणून वळले, तर स्वयंपाकघरात अजून दिवाही लावलेला नव्हता.