अर्धवट फायली आणि शेवयांचं यंत्र

गंधालीला नोकरी घरूनच करायची होती. अवधूत आठ महिन्यांचा, आई उठून पाणी प्यायला गेली तरी गळा काढणारा. जालन्यातल्या ज्या बियाणे कंपनीत ती होती, तिथल्या नरहर सरांनी महिनाभर सवलत दिली होती. आज चार वाजता तिचा प्रोग्राम नीट चालला तर घरून काम, नाहीतर सोमवारपासून दिवसभर ऑफिस.

काम साधंच होतं. शेतांतल्या तापमानाच्या अकरा लाख ओळी एका फायलीतून धारेसारख्या वाचायच्या आणि ज्या त्या शेताच्या फायलीत लिहायच्या. वाचणं संपलं की प्रोग्राम ऐटीत ‘झालं’ म्हणायचा आणि सगळ्या फायलींचा गठ्ठा बांधून ऑफिसला धाडायचा. उघडावं तर कितीतरी फायली अर्धवट. पुन्हा चालवावं तर अर्धवट राहणाऱ्या निराळ्याच.

दोनला सासूबाईंनी, बेबीनंदांनी, गच्चीवरून हाक मारली. शेवयांच्या यंत्राचा दांडा फिरवायला कुणी नव्हतं. अवधूत निजलाच होता, म्हणून गंधाली गेली आणि डोक्यात फायली घेऊन, एका हाताने कणीक भरत, भराभरा दांडा फिरवू लागली. पीठ संपताच ती उठली.

“झालं, आत्याबाई.”

बेबीनंदांच्या दोन्ही हातांत शेवयांच्या लडी, पायाशी आणखी ढीग.

“काय झालं? पीठ संपलं म्हंजे शेवया झाल्या व्हय? काठीवर वाळत पडू दे, मंग म्हण झालं. आन् माझे हात भरले का दांडा थांबवावा माणसानं. मला काय चार हात हायेत?”

गंधालीने त्यांच्या हातांतल्या लडी पाहिल्या, पायाशी साचलेला ढीग पाहिला. मग कणकेच्या हातांनीच जिना उतरली.

तिचा प्रोग्रामही अस्साच दांडा फिरवत होता. लिहिणं मागे पडलं तरी वाचणं थांबतच नव्हतं. तिने लिहिलेली ‘थांब’ ही आज्ञा चुकीच्या जागी होती, त्या धारेपर्यंत पोचतच नव्हती. तिने ती हलवली: आधीची ओळ लिहून झाल्यावरच पुढची मागायची आणि शेवटची फाईल बंद झाल्यावरच ‘झालं’ म्हणायचं. आता प्रोग्राम सावकाश चालला, पण चालला. तोवर अवधूत उठून तिच्या मांडीवर बसून तिच्या बोटांची कणीक चाटत होता.

सव्वाचारला नरहर सरांचा फोन आला.

“चारशे बारा फायली, सगळ्या पूर्ण. सोमवारी येऊ नका. घरूनच करा.”

बेबीनंदा दारातच उभ्या होत्या. म्हणजे पोरगं दिवसभर तूच बघणार ना, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

“बरं झालं बाई. मला वाटलं, तुझ्या ऑफिसापायी माझी राजूरच्या गणपतीची चतुर्थीची वारीच बंद होऊन राह्यली.”